जातं गेलं ते बरं झालं, भाकरी का गेली?



मागच्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीला आशाताई रक्तदाब मोजायचं यंत्र घेऊन आल्या. काही जणींचा दाब जास्त निघाला, काहींना साखरेची गोळी आधीपासूनच चालू. तेव्हा एक जण म्हणाली, "आमच्या आजीला नव्हतं बाई असलं काही. जुनं खाणं आणि जुने कष्ट, त्याचा गुण." कोपऱ्यात बसलेल्या माझ्या सासूबाई लगेच म्हणाल्या, "जुने कष्ट तू केले नाहीस, म्हणून बोलतीस."

मला दोघींचंही पटलं. म्हणून आज आपल्या ताटाचा इतिहास बोलू या. त्यातलं काय परत आणायचं आणि काय नाही, हे आपण बायकांनीच ठरवायचं आहे.

सासूबाई माणदेशात वाढल्या. कोंबडा आरवायच्या आधी जात्यावर बसायचं, दळण झालं की आडावरून पाणी, मग रानात खुरपणी, येताना डोक्यावर सरपण. ताटात ज्वारीची नाहीतर बाजरीची भाकरी, मटकी नाहीतर हुलगा, तांदुळजा, घोळ, पाथरी अशी रानातली भाजी, शेंगदाण्याची चटणी. गव्हाची पोळी सणाला आणि भात पाहुणा आला की.

मग 1972 चा दुष्काळ आला. आधीची दोन वर्षंही पावसाची ओढ होतीच. त्या साली खळ्यावर धान्यच आलं नाही. लाखो माणसं सरकारी कामावर गेली, त्यात बायका फार. खडी फोडली, पाझर तलावांची माती वाहिली. कामावर सुकडी मिळायची आणि रेशनला अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो ज्वारी. ज्यांनी ती खाल्ली, त्यांना तिचं नाव आजही आठवतं. त्याच कामांतून पुढं रोजगार हमी उभी राहिली आणि 1977 साली तिचा कायदा झाला.

उपाशी दिवस पाहिलेल्या माणसांना पोटभर धान्य हवं होतं. देशात हरितक्रांती झाली होती, ती मुख्यतः गहू आणि तांदळाची. तेच धान्य सरकार खरेदी करायचं आणि तेच रेशनवर यायचं. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यात तांदूळ 3 रुपये, गहू 2 रुपये आणि भरडधान्य 1 रुपया किलो, असे दर लिहिले होते. आपल्या पिशवीत मात्र बहुतेक वेळा गहू-तांदूळच पडले.

शेतातही ज्वारी मागं पडली. शाळूची काढणी म्हणजे हाताचं काम, कंबर मोडणारं. जिथं पाणी आलं तिथं ऊस आला, बाकी रानात सोयाबीन, कापूस. 1980 च्या सुमाराला राज्यात ज्वारीखाली जेवढं रान होतं, त्याच्या निम्म्याहूनही कमी आता उरलं आहे. त्यात पोळी म्हणजे मोठेपणा आणि भाकरी म्हणजे गरिबी, असं मनात बसलं. पोरांनी डब्यात भाकरी न्यायला लाजायला सुरुवात केली. 2023 हे वर्ष जगभर भरडधान्याचं वर्ष म्हणून पाळलं, तोवर आपल्याच बाजरीचे पुडे शहरात महाग विकले जात होते.

ताट बदललं तसे कष्टही बदलले. गिरणी आली, नळ आला, गॅस आला. हे चांगलंच झालं. जातं ओढून कुणाचं भलं झालं नाही. सासूबाई सांगतात, घरातले सगळे जेवून उठले की टोपल्यात उरेल ते त्यांचं जेवण. भाजी बहुतेक संपलेली असायची. म्हणजे धान्य चांगलं होतं, पण बाईच्या वाट्याला पुरेसं येत नव्हतं. ही रीत अजून गेलेली नाही. 2019 ते 2021 च्या सरकारी पाहणीत आपल्या राज्यातल्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं.

आता काय परत आणायचं? पहिली भाकरी. बाजरीत पॉलिशच्या तांदळापेक्षा लोह कितीतरी जास्त असतं. 100 ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तेवढ्याच पॉलिशच्या तांदळात 10 सुद्धा नसतं. भाकरीबरोबर डाळ-उसळ आणि पालेभाजी घ्या, वरून लिंबू पिळा, म्हणजे लोह अंगी लागतं. जेवणावर लगेच चहा नको. मात्र भाकरी सुरू केली म्हणून साखरेची किंवा दाबाची गोळी मनानं बंद करू नका.

दुसरं, अंगाची हालचाल. इथं सगळ्यांना एक माप लावायचं नाही. जी दिवसभर भांगलते, तिला व्यायाम नको, दुपारची घटकाभर विश्रांती आणि वेळेवर पोटभर जेवण हवं. पण जिचं काम आता शिलाई मशीनवर, दुकानात किंवा टीव्हीसमोर बसून होतं, तिनं आठवड्यातले पाच दिवस रोज अर्धा तास भरभर चालावं. एकटीनं निघायला संकोच वाटतो, लोक विचारतात, "कुठं निघालीस?" म्हणून आम्ही चौघी-पाच जणी मिळून संध्याकाळी ओढ्यापर्यंत जाऊन येतो. आता कुणी विचारत नाही.

तिसरी गोष्ट जुनी नाही, ती आपल्याला नव्यानंच सुरू करावी लागेल. घरात सगळ्यांनी एकत्र बसून जेवायचं आणि भाजी आधी सगळ्या ताटांत वाढायची, आपल्यासुद्धा. आमच्या घरी हे सुरू केलं तेव्हा पहिले काही दिवस सासूबाई उठून चुलीपाशीच जायच्या. आता त्याच सुनांना हाक मारतात, "या गं, बसा आधी."

पुढच्या बैठकीत तुमच्या गटातल्या सगळ्यात वयस्कर बाईला बोलतं करा. बहात्तरला काय खाल्लं, कोण शेवटी जेवायचं, हे विचारा आणि लिहून ठेवा. आणि त्या दिवशी चहा-बिस्किटाऐवजी एकीनं भाकरी, एकीनं उसळ, एकीनं भाजी असं घरून आणा.

येते मग. राम राम.