पोचे पडलेले ताट

गेल्या दिवाळीत वसुबारसेच्या सकाळी आमच्या दाराच्या कडीला एक पिशवी अडकवलेली आढळली. आत उटण्याची पुडी, दोन पणत्या आणि गुळगुळीत कागदावर छापलेले एक पुस्तक. पुडीवर आमच्या आमदारसाहेबांचा हसरा चेहरा होता. पणत्यांवर तो नव्हता. मातीवर फोटो उमटत नसावा. पुस्तकावर ठळक अक्षरांत छापले होते, 'कार्यअहवाल'.

आई पंचाहत्तरीची. मोतीबिंदू काढल्यापासून तिला वाचनाचा नवा हुरूप आला आहे. चकलीचे पीठ मळायचे सोडून तिने ते पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचले. गल्लीतली फरसबंदी, बागेतली बाकडी, व्यायामाची यंत्रे, प्रवेशद्वाराची कमान, आणि प्रत्येक कामाशेजारी नारळ फोडतानाचे एक छायाचित्र. वाचून झाल्यावर चष्मा कपाळावर सरकवून ती म्हणाली, "यात दवाखान्याचं कुठे आहे रे? आणि तेलाच्या भावाचं?"

मी हसून म्हटले, "आई, तेलाचा भाव का आमदाराच्या हातात असतो?"

ती काही बोलली नाही. माळ्यावरून काढलेल्या भांड्यांच्या ढिगातून तिने एक पितळी ताट ओढून माझ्यापुढे ठेवले आणि पुन्हा पिठाकडे वळली.

हे ताट मी लहानपणापासून पाहत आलो आहे. काठाला आणि मधोमध मिळून त्याला अकरा पोचे आहेत. मी चित्रकलेचा मास्तर. शालान्त परीक्षेनंतर इतिहासाचे पुस्तक परीक्षेसाठी म्हणून हाती धरलेले नाही. फावल्या वेळात चार कादंबऱ्या लिहिल्या, तेवढाच शब्दांशी संबंध. पण या अकरा पोच्यांचा इतिहास मी वाचकांना सांगू शकतो, कारण तो घरात ऐकलेला आहे, आणि पुढे जिज्ञासेपोटी मी तो बाहेरही धुंडाळला आहे.

ताट आईच्या रुखवतातले. लग्न होऊन ती गोरेगावच्या चाळीत आली ते वर्ष १९७२, दुष्काळाचे. खेड्यापाड्यांत माणसे खडी फोडायला जात होती, आणि मुंबईत रेशनच्या दुकानावर मिलो नावाची अमेरिकेची तांबडी ज्वारी मिळत होती. तिची भाकरी थापताना चिरे आणि खाताना घशात अडके, असे आजी सांगे. रॉकेल, तेल, साखर यांसाठी रांगा. रांगेत उभे राहायचे ते अर्थात बायकांनी.

त्याच वर्षी मृणाल गोरे विधानसभेवर निवडून गेल्या. १९६१ सालापासून त्या मुंबई महापालिकेत होत्या. झोपडपट्टीतल्या माणसाला नळाचे पाणी मिळाले पाहिजे, यासाठी त्यांनी इतके रान उठवले की लोक त्यांना 'पाणीवाली बाई' म्हणू लागले. मूळच्या त्या डॉक्टरकीच्या विद्यार्थिनी. राष्ट्र सेवा दलाच्या कामासाठी त्यांनी ते शिक्षण अर्ध्यावर सोडले, सेवा दलातल्याच केशव गोरे यांच्याशी विवाह केला, आणि १९५८ साली ऐन तिशीत वैधव्य आले. पदरी लहान मुलगी. त्यानंतरचे त्यांचे सगळे आयुष्य म्हणजे मोर्चे, सभा, तुरुंग आणि सभागृह. गोरेगावातले केशव गोरे स्मारक हे त्या आयुष्याचे एक ठिकाण. आजही तिथे सभा-व्याख्याने होतात.

१९७२ साली महागाईविरुद्ध मुंबईतल्या बायकांची एक संयुक्त समिती उभी राहिली. समाजवादी मृणाल गोरे आणि प्रमिला दंडवते, मार्क्सवादी अहिल्या रांगणेकर, कम्युनिस्ट तारा रेड्डी. ज्यांच्या पक्षांचे एकमेकांशी पटत नव्हते, अशा बायका भावाच्या प्रश्नावर एका रांगेत आल्या. पुरुषांच्या पक्षांना हे पुढे फारसे कधी जमले नाही, हे जाता जाता नमूद करतो. हातात लाटणी घेऊन मोर्चे निघाले. ठरलेल्या वेळी घराघरांतून थाळ्या वाजवायच्या, असाही एक प्रकार होता. आईने त्या वेळी घरात सापडले ते ताट उचलले. ते नेमके रुखवतातले निघाले. चाळीच्या गॅलरीत उभी राहून तिने ते लाटण्याने असे बडवले की खालच्या मजल्यावरचे पोर दचकून रडू लागले. आजीने दोन दिवस अबोला धरला. तो लाटण्याच्या आंदोलनासाठी नव्हता, पितळेच्या नुकसानीसाठी होता.

आईला त्या काळातले मोर्चे जितके आठवतात त्याहून अधिक आठवतात कोपऱ्यावरच्या सभा. सभागृहात काय विचारले, मंत्र्याने काय उत्तर दिले, हे तिथे चाळीतल्या बायकांना कळे. तारांकित प्रश्न म्हणजे काय, हे सातवी शिकलेल्या माझ्या आईने मला प्रथम समजावले. आमदाराने आगाऊ लिहून दिलेल्या प्रश्नापुढे तारा छापलेली असली म्हणजे मंत्र्याला उभे राहून तोंडी उत्तर द्यावे लागते, आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. तारा नसेल तर लेखी उत्तरावर भागते. लक्षवेधी सूचना आली तर मंत्र्याला त्या विषयावर निवेदन करणे भाग पडते. अशा या साध्या युक्त्या. पण त्यांच्यामुळे चाळीतला प्रश्न छापील कागदावर नोंदला जातो, आणि तो नोंदला गेल्यावर 'आम्हांला ठाऊकच नव्हते' असे कोणाला म्हणता येत नाही.

पुढची हकीकत बहुतेकांना माहीत आहे. आणीबाणीत मृणालताई तुरुंगात गेल्या आणि १९७७ साली लोकसभेवर निवडून आल्या, तेव्हा 'पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात' ही घोषणा घरोघर झाली.

दरम्यान भाजी-किराण्याच्या प्रश्नाला दुसरीकडेही वाट फुटली होती. पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली ग्राहक पंचायत सुरू केली आणि १९७५ च्या गुढीपाडव्याला मुंबई ग्राहक पंचायत निघाली. संगीतकार सुधीर फडके यांचाही त्या कामात हात होता. शेजारपाजारच्या कुटुंबांनी मिळून महिन्याची यादी करायची, घाऊक भावाने आलेला माल एका घरी उतरवायचा आणि आपसांत वाटून घ्यायचा. आमच्या चाळीत हे वाटप आईकडे असे. वजनकाट्यात खोट दिसली की ती दुकानदारालाच काय, सख्ख्या जावेलाही सोडत नसे. पावती घेतल्याशिवाय दुकानाची पायरी उतरायची नाही, हा तिचा नियम तेव्हापासूनचा. अशा अनेकांच्या रेट्याने डिसेंबर १९८६ मध्ये ग्राहक संरक्षण कायदा झाला, आणि गिऱ्हाइकाला साध्या अर्जावर दाद मागता येईल अशी न्यायालये मिळाली.

त्याच १९८६ सालाच्या आरंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले. मेंदूतला किंवा डोळ्यांतला ताण कमी करण्यासाठी त्यांना ग्लिसरीन दिले होते, आणि त्या ग्लिसरिनात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष होते. ते मूत्रपिंडे निकामी करते. औषध म्हणून जे बाटलीत आले ते कारखान्याच्या कामाचे द्रव्य होते. ओरड झाली, सरकारला न्यायमूर्ती लेंटिन यांचा चौकशी आयोग नेमावा लागला. खरेदी, तपासणी आणि परवाने यांतले एकेक भोक आयोगाने दाखवून दिले. वाईट एवढेच वाटते की हे विष संपलेले नाही. २०२२ साली आफ्रिकेतल्या गांबियात आपल्या देशातून गेलेल्या खोकल्याच्या औषधात ते सापडले, आणि २०२५ साली मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडची मुले अशाच औषधाने गेली.

मृणालताई त्या वेळी पुन्हा विधानसभेत होत्या. त्याच वर्षी त्यांनी गर्भलिंगनिदानाविरुद्ध अशासकीय विधेयक आणले. मुंबईतल्या कार्यकर्त्या बायकांनी आणि काही डॉक्टरांनी आधीपासून या प्रश्नाचा पाठपुरावा चालवला होता. पाहणी झाली तेव्हा मुंबईतल्या ५० स्त्रीरोगतज्ज्ञांपैकी ४२ जण ही चाचणी करतात असे आढळले. आता थोडे खर्च करा, पुढचा हुंडा वाचवा, अशा आशयाच्या जाहिराती उघड लागत. सरकारला अखेर स्वतःचा कायदा करावा लागला. १९८८ चा महाराष्ट्राचा तो कायदा देशातला या विषयावरचा पहिला. संसदेने तसा कायदा केला तो १९९४ साली. कायद्याने सगळे साधले असे मी म्हणणार नाही. महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे मुली १९९१ साली ९४६ होत्या, २००१ साली ९१३, आणि २०११ साली ८९४. हे आकडे मी माझ्या वर्गाच्या फळ्यावर एकदा रंगीत खडूंनी काढले होते. पोरी बराच वेळ बघत राहिल्या.

या प्रकरणाचा मी पुष्कळ विचार केला आहे. गर्भलिंग तपासून घेणारे गिऱ्हाईक खूश, पैसे घेणारा डॉक्टर खूश. तक्रार करणार कोण? जिच्यावर अन्याय झाला ती जन्मालाच आलेली नाही. इथे ग्राहक न्यायालय काय करील? इथे सभागृहात उभे राहून बोलणारे माणूसच लागते.

हे मला पुस्तकातून कळले नाही. ते घरात कळले, आणि त्याची किंमत वडिलांनी मोजली.

वडील एका कारखान्यात लेथवर होते. १९९८ च्या पावसाळ्यात तापाने फणफणले म्हणून त्यांना एका सार्वजनिक रुग्णालयात ठेवले. उजव्या दंडात सुई टोचली. हात सुजला, काळानिळा पडला. सूज आठवड्याने उतरली, पण करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट कायमचे बधिर झाले. लेथवर बधिर बोटे घेऊन उभे राहता येत नाही. मालकाने त्यांना दारावर बसवले, निम्म्या पगारावर. मी तेव्हा चित्रकलेच्या पदविकेच्या शेवटच्या वर्षाला होतो. रंग विकत घेणे बंद केले आणि चुन्यात नीळ कालवून काम भागवले.

आई गप्प बसणारी नव्हती. सगळे कागद पिशवीत घालून ती एका वकिलाकडे गेली. मी बरोबर होतो. वकील भला माणूस. कागद चाळून त्याने विचारले, "पैसे भरले होते का, काकू?"

"केसपेपरचे भरले होते. ही बघा चिठ्ठी," आई म्हणाली. पावती जपून ठेवायचा तिचा नियम इथे उपयोगी पडेल असे तिला वाटले होते.

वकिलाने ती चिठ्ठी परत दिली. नोव्हेंबर १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्ही. पी. शांता यांच्या खटल्यात मोठा निकाल दिला होता. डॉक्टरची सेवा हीसुद्धा सेवा आहे आणि रुग्ण हाही ग्राहक आहे, असे त्यात ठरले. पैसे घेणाऱ्या खासगी डॉक्टरांना त्यामुळे उत्तरदायी व्हावे लागले. काहींकडून पैसे घेऊन काहींना मोफत तपासणाऱ्या ठिकाणचा मोफत रुग्णदेखील त्यात आला. पण जिथे सगळ्यांवरच मोफत उपचार होतात, तिथला रुग्ण ग्राहक ठरत नाही, आणि नोंदणीचे नाममात्र पैसे दिल्याने त्यात फरक पडत नाही. २०१९ च्या नव्या कायद्यानेही मोफत सेवा व्याख्येबाहेरच ठेवली आहे. दिवाणी कोर्टाचा रस्ता होता. पण तिकडे किती वर्षे आणि किती पैसे लागतील, ते वकिलाने हळू आवाजात सांगितले.

जिन्यावरून उतरताना आई मला म्हणाली, "साखर तोळाभर कमी भरली तर मी गिऱ्हाईक. आणि यांचा हात गेला तर मी कोणीच नाही?"

मला उत्तर सुचले नाही. आजही कायद्यात ते मला सापडत नाही. एवढे कळते की जो पैसे मोजतो त्याला दुकान आहे, पावती आहे, न्यायालय आहे. जो मोजू शकत नाही, त्याच्याकडे एक मत असते आणि ते घेऊन गेलेला एक माणूस. त्या माणसाने विचारले नाही तर दुसरे कोणी विचारायला बांधलेले नाही. आईने तेव्हाच्या लोकप्रतिनिधीला पत्र टाकले. उत्तरादाखल संक्रांतीला शुभेच्छापत्र आले. ते तिने त्याच पिशवीत ठेवले आहे.

वडील २००९ साली गेले, मृणालताई २०१२ च्या जुलैत. ती बातमी आली त्या संध्याकाळी आईने ताट चिंच लावून घासले होते, हे मला आठवते. माझ्याशी त्याबद्दल काही बोलली नव्हती.

तर गेल्या दिवाळीची गोष्ट. चकल्या तळून झाल्यावर तिने हात धुतले आणि कार्यअहवालाच्या मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने चार प्रश्न लिहिले. आपल्या वॉर्डातल्या दवाखान्यात औषधे कोणती असतात आणि कोणती बाहेरून आणायला सांगतात? आलेली औषधे तपासतो कोण? मोफत उपचारात इजा झाली तर गाऱ्हाणे कोणाकडे न्यायचे? आणि यातले सभागृहात काय विचारलेत? अक्षर थरथरते, पण ओळी सरळ.

"तू चित्रकलेचा मास्तर ना?" ती म्हणाली. "या चारींपुढे एकेक तारा काढून दे."

मी काढून दिल्या, लाल शाईने, पाच पाकळ्यांच्या. पुस्तक पाकिटात घातले आणि भाऊबिजेनंतर स्वतः त्यांच्या कार्यालयात नेऊन दिले, पोच घेतली. उत्तर अजून आलेले नाही. ताट या वर्षी पुन्हा माळ्यावरून काढले आहे. त्यावर चिवडा पसरून ठेवला की पोच्यांमध्ये शेंगदाणे जमतात, आणि मुले ते आधी वेचून खातात.