लोपामुद्रेचा शब्द

विदर्भकन्या म्हटले की आमच्या वडनेरच्या परिसरात रुक्मिणी आठवते, फार तर दमयंती. वर्धेच्या तीरावरील कौंडिण्यपूर हे रुक्मिणीचे माहेर मानले जाते. नरेंद्र व एकनाथ यांनी तिचे स्वयंवर मराठीत आणले, तर रघुनाथ पंडितांनी दमयंतीचे. तिसरी वैदर्भी लोपामुद्रा मात्र ‘अगस्त्यपत्नी’ एवढ्या ओळखीवर उरली आहे.

ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातील १७९ व्या सूक्तात सहा ऋचा असून त्यांतील पहिल्या दोन परंपरेने लोपामुद्रेच्या मानल्या आहेत. अनेक शरद अहोरात्र श्रमण्यात गेले, जरा देहाची शोभा हिरावून नेते, तेव्हा पुरुषाने पत्नीजवळ यावे, असे ती आपण होऊन म्हणते. तेथे विदर्भाचा उल्लेख नाही, पित्याचाही नाही. तिची ओळख होते ती तिच्या बोलण्यानेच.

महाभारताच्या वनपर्वात तिला माहेर मिळते. पितरांच्या उद्धारासाठी संतती हवी असलेला अगस्त्य निरनिराळ्या प्राण्यांचे उत्तमोत्तम अवयव घेऊन एक स्त्री घडवितो, अपत्यासाठी तप करणाऱ्या विदर्भराजाला देतो आणि ती उपवर झाल्यावर तिलाच मागतो. येथे हेसिअडची पँडोरा आठवल्यावाचून राहत नाही. तीही घडविलेली, देवांच्या देणग्यांनी नटविलेली. हर्मीस तिच्या ठायी वाणी घालतो खरा. परंतु हेसिअडच्या काव्यात ती एक शब्दही बोलत नाही. साम्य संपते ते येथेच.

शापभयाने व्याकुळ झालेल्या पित्याला, मला ऋषींना द्या, असे लोपामुद्राच सांगते आणि वल्कले नेसते. पुढे अगस्त्य समागमाची इच्छा प्रकट करतो, तेव्हा ती अट घालते : पित्याच्या घरी होती तशी शय्या आणि अलंकार. तपोबलाने धन आणता येईल, हेही सुचविते. तपाचा व्यय नको म्हणून ऋषी राजांच्या दारी, आणि अखेर इल्वलाकडे जातो.

ही दागिन्यांची हौस समजणे म्हणजे वाचनातील आळस होय. सूक्तातील उघड कामना येथे लज्जेच्या पदराआड गेली आहे, हे मान्य केले पाहिजे; आता याचना ऋषी करतो आणि ती हात जोडून उत्तर देते. परंतु पत्नी संततीसाठी, एवढ्यावर ती थांबत नाही; आपल्या मनातील प्रीतीलाही प्रतिसाद मागते. ऋतुकाल थोडाच उरला आहे, हे तिचे वाक्य तर सूक्तातील जरेच्या जाणिवेचा दूरचा प्रतिध्वनी वाटतो. आणि सहस्र पुत्र हवेत की सहस्रांना भारी ठरेल असा एक, या प्रश्नाचे उत्तरही तीच देते : एक.