गाडी एकाची, स्टिअरिंग दुसऱ्याच्या हाती

नोव्हेंबर २०२१ मध्ये औरंगाबादच्या प्रवाशांना एक कोडं पडलं होतं. एसटीचे कर्मचारी संपावर गेले, लालपऱ्या आगारात उभ्या राहिल्या, इथवर ठीक. पण शहरात फिरणारी ‘माझी स्मार्ट बस’ का थांबली? ती काही एसटीची नव्हती. विकत घेतली होती स्मार्ट सिटीच्या कंपनीने. उत्तर गाडीच्या आतच बसलेलं होतं. स्टिअरिंगवरचा चालक एसटीचा आणि तिकीट देणारा वाहकही एसटीचा. ते संपात उतरले आणि दुसऱ्याच्या मालकीच्या गाड्या जागच्या जागी थांबल्या.

एवढं सरळ गणित एसटीशी करार करताना कोणाच्या ध्यानात आलं नसेल, असं नाही. पण या शहराच्या बसचा इतिहास पाहिला तर त्यात नवलही वाटत नाही. इथे बस आली ती नेहमी कोणाच्या तरी दुसऱ्याच कामाचं शेपूट होऊन.

पहिल्यांदा आली ती रेल्वेच्या मागून. मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड करत हैदराबादकडे जाणारी मीटरगेज १९०० च्या सुमारास सुरू झाली. ती एका गॅरंटीड, म्हणजे सरकारने परताव्याची हमी दिलेल्या, कंपनीच्या ताब्यात होती. १९३० मध्ये निजाम सरकारने ती विकत घेतली. तोवर रस्त्यांवर खासगी मोटारी धावू लागल्या होत्या आणि रेल्वेचे उतारू पळवत होत्या. हा तंटा एकट्या हैदराबादचा नव्हता. शेजारच्या ब्रिटिश हिंदुस्थानातही रेल्वे आणि मोटार यांच्या चढाओढीवर मिचेल आणि कर्कनेस या दोन अधिकाऱ्यांनी १९३३ मध्ये अहवाल लिहिला. निजामाच्या रेल्वेने अहवालाची वाट पाहिली नाही. जून १९३२ मध्ये तिने स्वतःचंच रस्ते वाहतूक खातं उघडलं. गाड्या २७, माणसं १६६, भांडवल चार लाखांच्या आत.

कल्पना साधी होती. उतारू रुळावरून गेला काय किंवा रस्त्यावरून, पैसा एकाच तिजोरीत पडला पाहिजे. एकाच छताखाली रेल्वे आणि बस चालवण्याचा हा प्रयोग देशातल्या अगदी सुरुवातीच्या प्रयोगांपैकी एक. पुढे स्वतंत्र भारतात ‘एकात्मिक वाहतूक’ या नावाने जे शब्द सरकारी कागदांवर नाचत राहिले, ते निजामाच्या एका खात्याने गाजावाजा न करता करून दाखवलं होतं. त्या खात्याच्या गाड्यांच्या नंबरात ‘झेड’ हे अक्षर असे. निजामाच्या आईचं नाव झहरा बेगम, तिच्या आठवणीसाठी ते घातलं, असं सांगतात. तेलंगणातल्या सरकारी बसच्या नंबरप्लेटवर ते अक्षर अजून दिसतं. मराठवाड्यात त्या खात्याची एवढीसुद्धा खूण उरली नाही.

सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई झाली आणि हैदराबाद संस्थान भारतात आलं. १ नोव्हेंबर १९५१ ला बसखातं रेल्वेपासून तोडून हैदराबाद राज्य सरकारकडे देण्यात आलं. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. राज्यं बदलत गेली तसे बसचे मालकही बदलले. तिकडे पुणे–अहमदनगर मार्गावर १ जून १९४८ ला पहिली एसटी धावली होती. तिची पुढची आवृत्ती, म्हणजे महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ, मराठवाड्यातही पोचली. खात्याचं आता महामंडळ झालं. पूर्वी हुकूम हैदराबादहून येत, आता मुंबई सेंट्रलहून येऊ लागले.

एसटीने मराठवाड्याला काय दिलं, हे इथल्या जुन्या पिढीला वेगळं सांगायला नको. रेल्वे एका रेघेत गेलेली. बाकी सगळा मुलूख रुळापासून लांब. तालुक्याच्या कॉलेजात शिकलेली मुलं, बाजाराला गेलेल्या बाया, कोर्टाच्या तारखेला निघालेले शेतकरी, सगळे एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरत मोठे झाले. चिकलठाण्याला महामंडळाची मध्यवर्ती कार्यशाळा उभी राहिली. पुण्यात दापोडी, नागपूरजवळ हिंगणा आणि इथे चिकलठाणा, अशा तीनच ठिकाणी एसटी स्वतःच्या बसचे सांगाडे बांधत आली. म्हणजे बस बांधण्यात राज्यात पहिल्या तिनांत असलेल्या या शहराला स्वतःच्या गल्लीबोळांत फिरणारी बस मात्र धड मिळाली नाही.

याचं कारण एका शब्दात सापडतं. तो शब्द आहे भारमान. गाडीतल्या जागांपैकी किती भरल्या याची टक्केवारी, आणि त्याच्या जोडीला दर किलोमीटरमागचं उत्पन्न. एसटीच्या आगारात फेरीचं भविष्य या दोन आकड्यांवर ठरतं. पुण्याची गाडी एकदा भरली की घाट उतरेपर्यंत वाहकाला फार काम नाही. शहर बसचं तसं नसतं. शहागंजला दहा चढले, गुलमंडीला सहा उतरले, क्रांती चौकात पुन्हा पंधरा घुसले. वाहकाच्या डाव्या हातात तिकिटांच्या गड्ड्यांची पत्र्याची पेटी, उजव्या हातात टिकटिक करणारा चिमटा, खांद्याला चामड्याची पिशवी, आणि ‘सुट्टे द्या, सुट्टे’ हा अखंड जप. दिवसभर एवढी कसरत करून रात्री आगारात हिशेब जुळवायला बसावं, तर दीडशे-दोनशे किलोमीटर चालल्याचा आकडा आणि चिल्लरीचा ढीग. तोच चालक, तीच गाडी लांब पल्ल्यावर घातली असती तर दुप्पट किलोमीटर आणि नोटा. गाडी बिघडली, डिझेल कमी पडलं, चालक रजेवर गेला, की आगार व्यवस्थापक पहिली कात्री कुठे लावणार? तो चुकत होता असं म्हणता येत नाही. त्याला जो आकडा वर कळवायचा होता, त्यात शहराला जागा नव्हती.

आणि शहर तर याच काळात फुगत होतं. सत्तरच्या दशकात सिडकोने नवं औरंगाबाद आखायला घेतलं. १९८१ मध्ये उच्च न्यायालयाचं खंडपीठ, १९८२ मध्ये महापालिका, ऐंशीच्या दशकाच्या मध्यात वाळूजला बजाजचा कारखाना. १९८१ च्या आसपास तीन लाखांचं असलेलं गाव २०११ च्या जनगणनेत पावणेबारा लाखांवर गेलं.

इथे एक गोष्ट घडली, जिची नोंद शहर बसच्या चर्चेत फारशी होत नाही. कुठल्याही शहराच्या बसला जगवतो तो ठरलेल्या वेळी, ठरलेल्या ठिकाणी, रोज जाणारा माणूस. मुंबईत तो गिरणीत होता, लोकलमध्ये होता, बेस्टमध्ये होता. इथला तसा माणूस म्हणजे वाळूज आणि चिकलठाण्याचा कामगार. त्याला मोठ्या कारखान्यांनी कंपनीची बस दिली. पहाटे चौकाचौकांत डबा हातात घेऊन उभी असलेली माणसं ज्या बसची वाट पाहत होती, ती एसटीची नव्हती आणि पालिकेचीही नव्हती. सार्वजनिक बसच्या वाट्याला उरले ते विद्यार्थी, दवाखान्याला निघालेले आजारी, आणि ज्यांच्याकडे दुसरा इलाज नाही असे. शिवाय वाळूज औद्योगिक वसाहत आणि तिच्याभोवतीचं महानगर पालिकेच्या हद्दीबाहेर. शेंद्रा तर आणखी लांब. पालिका म्हणणार, आमची हद्द नाही. एसटी म्हणणार, हे शहराचं काम.

मधली जागा रिक्षाने घेतली. शेअर रिक्षात माणसाचं नाव ‘सीट’. मागे चार, पुढे चालकाच्या दोन्ही बाजूंना एकेक, आणि तरी बाबा पेट्रोल पंपापाशी ‘एक सीट, स्टेशन, स्टेशन’ ही हाक. या रिक्षांवर टीका पुष्कळ झाली, कारवाया झाल्या, मीटरसक्ती झाली. पण चार मिनिटांत मिळणारी सहावी सीट आणि चाळीस मिनिटांनी येईल-न येईल अशी बस यांत माणूस काय निवडणार? वेळापत्रक नसलेल्या या व्यवस्थेचा भरवसा वेळापत्रक असलेल्या व्यवस्थेपेक्षा जास्त होता.

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात महापालिकेने स्वतःची बस काढून पाहिली. नाव एएमटी. पण ‘स्वतःची’ हा शब्द इथेही जपून वापरायला हवा. गाड्या ठेकेदाराच्या होत्या. महापालिका कायद्यात परिवहन उपक्रमाचं एक अख्खं प्रकरण आहे. परिवहन समिती, परिवहन व्यवस्थापक, वेगळा अर्थसंकल्प. सोलापूर, कोल्हापूर, ठाणे यांनी त्या वाटेने उपक्रम उभे केले. ते सुखात नांदले असं नाही. सोलापुरात तर केंद्राच्या योजनेतून आलेल्या नव्याकोऱ्या बसच्या चासीला तडे गेले आणि गाड्या उभ्या राहिल्या. पण तिथे निदान जाब कोणाला विचारायचा हे ठरलेलं होतं. एएमटीत तोट्याची जबाबदारी ठेकेदाराची की पालिकेची, यावर गाडी अडली. काही वर्षांतच ती बंद पडली आणि शहर पुन्हा एसटीच्या दारात गेलं.

तोटा कोण भरणार, हा प्रश्न पुण्याने निदान लिहून ठेवला. २००७ मध्ये पीएमटी आणि पीसीएमटी एकत्र करून पीएमपीएमएल झाली, तेव्हा तुटीत पुण्याचा वाटा ६० टक्के आणि पिंपरी-चिंचवडचा ४० टक्के ठरला. भांडणं नंतरही होतात, पण ती आकड्यावर होतात. नाशिकने २०२१ मध्ये एसटीकडून शहर सेवा घेऊन ‘सिटीलिंक’ सुरू केली. ठेकेदाराला किलोमीटरमागे पैसे, तिकिटाचं उत्पन्न पालिकेच्या कंपनीकडे. तिथेही वाहकांचे पगार थकले की बस थांबते, हे नाशिककरांनी अनेकदा अनुभवलं.

औरंगाबादला तिसरा मालक मिळाला तो स्मार्ट सिटीच्या रूपाने. २०१५ मध्ये केंद्राने ही योजना आणली. सप्टेंबर २०१६ च्या यादीत शहराचं नाव लागलं. कंपनी कायद्याखाली नवी संस्था स्थापन झाली, राज्य आणि महापालिकेची निम्मी-निम्मी भागीदारी. हातात पैसा होता, पण तो मुदतीत खर्च करायचा होता. बस ही वस्तू त्या दृष्टीने फार सोयीची. रस्ता खोदायला वर्ष लागतं, बस एका निविदेत येते आणि उद्घाटनाच्या फोटोत छान दिसते. डिसेंबर २०१८ मध्ये झेंडा फडकला, शंभर गाड्या आल्या, आणि चालवायला माणसं घेतली ती एसटीकडून, करार करून. कंपनीची माणसं मार्ग आखणार, एसटीची माणसं गाडी हाकणार.

दीड वर्षही झालं नाही तोच कोरोना आला. मार्च २०२० मध्ये चाकं थांबली. त्याच एप्रिलमध्ये महापालिकेच्या लोकप्रतिनिधींची मुदत संपली आणि प्रशासकाचा कारभार सुरू झाला. म्हणजे बसबद्दल सभागृहात ओरडायला नगरसेवकही उरला नाही. मग आला संप. ज्या मागणीसाठी तो झाला, ती मागणी पुन्हा मालकीचीच: आम्हाला महामंडळाचे नको, राज्य सरकारचे कर्मचारी करा. सरकारी समितीने विलीनीकरण नाकारलं आणि उच्च न्यायालयाने २२ एप्रिल २०२२ पर्यंत कामावर परतायला सांगितलं. स्मार्ट बसने तेवढी वाट पाहिली नाही. २०२२ च्या सुरुवातीलाच माजी सैनिकांना चालक म्हणून घेऊन गाड्या बाहेर काढल्या. सीमेवर अवजड वाहनं हाकलेली माणसं जालना रोडवर रिक्षांच्या गर्दीतून बस काढू लागली, हे दृश्य शहराने कौतुकाने पाहिलं.

एसटीचं दुखणं तोवर फार पुढे गेलं होतं. तिकिटावर साडेसतरा टक्के प्रवासी कर वर्षानुवर्षं राज्याच्या तिजोरीत, सवलतींचा परतावा मात्र हप्त्याहप्त्याने. जून २०२५ मध्ये परिवहनमंत्र्यांनी श्वेतपत्रिका काढली: गेल्या ४५ वर्षांत नफ्याची वर्षं फक्त आठ, साचलेला तोटा दहा हजार कोटींच्या वर. ५,१५० विजेच्या बस भाड्याने घेण्याचा करार झाला होता. त्यांतल्या तोवर आल्या त्या काहीशेच. इथेही तोच साचा, गाडी ठेकेदाराची, वाहक एसटीचा.

एका ठिकाणी मात्र बस ठीक चालते. अजिंठ्याच्या लेण्यांखाली, फर्दापूरच्या टी पॉइंटवर. तिथे खासगी गाड्या अडवल्या जातात आणि पुढचे चार किलोमीटर एसटीनेच जावं लागतं. मार्ग एक, मालक एक, प्रवासी ठरलेला. निजामाच्या रेल्वेला ही युक्ती कळली असती.

स्मार्ट सिटी योजना ३१ मार्च २०२५ ला संपली. सरकारी गाडीचं आयुष्य नियमाने पंधरा वर्षांचं, म्हणजे २०१८ ची बस कागदोपत्री २०३३ पर्यंत रस्त्यावर राहू शकते. जाधववाडीच्या आगारात रात्री त्या गाड्या ओळीने उभ्या असतात. टायर बदलायचे झाले, गिअर बॉक्स उतरवायचा झाला, तर मंजुरीच्या कागदावर कंपनीने सही करायची की महापालिकेने, हे ठरायला तोवर वेळ आहे.