मागणी परतते, कसब परतते का? एका टर्नटेबलचा इतिहास

१/६
१९७२. जपानच्या मात्सुशिता कंपनीने ‘टेक्निक्स एसएल-१२००’ हे टर्नटेबल बाजारात आणले. पट्ट्याऐवजी मोटारच ताटलीला थेट फिरवत असल्याने त्याची गती स्थिर राही. ते घडवले होते घरी बसून संगीत ऐकणाऱ्या चोखंदळ रसिकांसाठी.

२/६
ऑक्टोबर १९८२ मध्ये जपानात सीडी आली आणि हे रसिक हळूहळू तिच्याकडे वळले. टर्नटेबल जगले ते डीजेंच्या हाती. मूळ आराखड्यात ज्यांचा विचारच नव्हता, त्यांनीच ते तारले.

३/६
पुढे अनेक डीजेही संगणकाकडे वळले. २०१० साली उत्पादन थांबले.

४/६
त्याच सुमारास विनाइलच्या तबकड्यांचा खप पुन्हा वाढू लागला होता. २०१६ मध्ये टेक्निक्सने एसएल-१२०० परत आणले. पण जुने साचे उपयोगाचे राहिले नव्हते. मोटारीपासून सारे नव्याने घडवावे लागले. अमेरिकेत किंमत गेली ४,००० डॉलरवर.

५/६
२०२२ साली अमेरिकेत ४.१ कोटी विनाइल तबकड्या विकल्या गेल्या आणि ३.३ कोटी सीडी. विनाइलने नगसंख्येत सीडीला मागे टाकले, ते १९८७ नंतर प्रथमच.

६/६
उंची ध्वनियंत्रांच्या बाजाराचे भवितव्य केवळ नव्या शोधांवर ठरत नाही, हे या इतिहासातून दिसते. रसिकांची आवड फिरून येऊ शकते. मोडीत गेलेले साचे आणि पांगलेले कारागीर मात्र आपोआप परतत नाहीत. मंदीच्या काळातही ते जपावे लागतात.