आठवी सेना आणि इटलीच्या नद्या

दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिशांच्या आठव्या सेनेचे नाव निघाले की, अल् अलामेनचे वाळवंट व सेनापती मॉन्टगोमेरी यांचे प्रथम स्मरण होते. सप्टेंबर १९४१ मध्ये ईजिप्तमध्ये स्थापन झालेल्या या सेनेने १९४२ च्या अखेरीस तेथे रोमेलचा पराभव केला, ही कीर्ती यथार्थच होय. तथापि तिची खरी सत्त्वपरीक्षा पुढे इटलीत झाली, असे आमचे मत आहे.

३ सप्टेंबर १९४३ रोजी ही सेना सिसिलीहून इटलीच्या मुख्य भूमीवर उतरली. ॲपेनाइन पर्वत हा त्या देशाचा कणा. त्याच्या पूर्व उतारावरील नद्या एड्रियाटिक समुद्रास मिळतात. त्यामुळे उत्तरेकडे निघालेल्या सैन्याने एक नदी ओलांडावी, तोच दुसरी आडवी यावी! जर्मन सैन्य पूल उडवून मागे सरे व पैलतीरी दबा धरून बसे. पावसाळ्यात नद्या फुगत, रणगाडे चिखलात रुतत. मग सारा भार पायदळावर येई.

या पायदळात ब्रिटिश, कॅनेडियन, न्यूझीलंडर व पोलिश सैनिकांच्या खांद्यास खांदा लावून भारतीयही लढले. इटलीत सुमारे ५० हजार भारतीय सैनिक होते. त्यांपैकी साडेपाच हजारांहून अधिक परतले नाहीत.

१० जुलै १९४४ रोजी टायबरच्या वरच्या खोऱ्यात मराठा पलटणीचे नाईक यशवंत घाडगे यांच्या तुकडीतील सर्व जवान मशीनगनच्या माऱ्याने पडले. ते एकटेच धावून गेले, हातबॉम्बने तोफ बंद पाडली आणि गोळ्या भरण्यास अवसर नाही असे पाहून बंदुकीच्या दस्त्यानेच उरलेल्यांना लोळविले. तेथेच शत्रूच्या गोळ्यांनी त्यांना वीरमरण आले. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर शिपाई नामदेव जाधव यांनी दोन जखमी सोबत्यांना खोल पाण्यातून व सुरुंगांतून सुखरूप आणले, मशीनगनची तीन ठाणी निकामी केली आणि बांधावर चढून मराठ्यांची युद्धघोषणा देत मागच्या तुकड्यांना पुढे बोलाविले. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. २ मे १९४५ रोजी इटलीतील युद्ध थांबले.

स्वतः परतंत्र असलेल्या या जवानांनी परक्या देशाच्या मुक्ततेसाठी रक्त सांडले. माँटोने या इटालियन गावाने २०२३ मध्ये घाडगे यांच्या नावे छायायंत्राचे स्मारक उभारून ते ऋण मान्य केले. परक्यांनी जपलेली ही स्मृती आपण विसरावी काय? ज्या कुटुंबांत जुन्या फौजी मंडळींची पदके वा पत्रे असतील, त्यांनी ती जपावी व मुलाबाळांस वाचून दाखवावी, एवढीच आमची विनंती आहे.