फ्लोटिंग पॉवर (इंजिन माउंट)

फ्लोटिंग पॉवर ही मोटारीचे इंजिन चासीवर रबरी आधारांनी बसवण्याची पद्धत होय. अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीने ती १९३१ साली प्लिमथ पीए या चार सिलिंडरच्या मोटारीत आणली. फ्रान्सच्या सिट्रोएन कंपनीने तिचा परवाना घेऊन १९३२ पासून ती आपल्या मोटारींत वापरली. आज या मोटारी जतन करणाऱ्यांसमोर जुने रबर निकामी होणे ही नेहमीची अडचण असते.

रचना

चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकशाफ्टच्या प्रत्येक फेऱ्यात दोन स्फोट होतात. त्यांच्या झटक्यांनी इंजिन डावी-उजवीकडे डोलते. इंजिन चासीला घट्ट बोल्टने जोडल्यास ही थरथर प्रवाशांपर्यंत पोहोचते. फ्लोटिंग पॉवरमध्ये पुढचा आधार उंचावर, तर मागचा गिअरबॉक्सपाशी खाली असतो. दोन्ही आधारांना जोडणारी रेषा इंजिनाच्या गुरुत्वमध्याजवळून जाते व इंजिन तिच्याभोवती डोलू शकते. हे डोलणे मर्यादित ठेवण्यासाठी बाजूला एक पाटा बसवलेला असतो.

बिघाडाची लक्षणे

तेल, उष्णता व वय यांमुळे रबर कडक होते, चिरते किंवा धातूपासून सुटते. पुढचा आधार खचल्यास पंखा रेडिएटरच्या तुलनेत खाली येतो आणि इंजिन सुरू करण्याच्या हँडलचे भोक क्रँकशाफ्टच्या टोकाशी जुळत नाही. क्लच सोडताना गाडी थरथरणे हेही एक लक्षण आहे.

निदान

एखाद्या सिलिंडरमध्ये स्फोट होत नसल्यासही इंजिन असेच हलते. म्हणून प्रथम प्रज्वलन व कार्बोरेटर तपासतात. गाडी उभी असताना, न्यूट्रलमध्ये थरथर जाणवल्यास दोष इंजिन वा माउंटकडे असतो. ती केवळ वाहनाच्या वेगाबरोबर बदलत असल्यास प्रोपेलर शाफ्ट व चाके तपासावी लागतात. त्यानंतर लाकडी ठोकळा ठेवून जॅकने इंजिन किंचित उचलतात. रबर व धातू यांत फट दिसल्यास माउंट निकामी ठरतो. ऑइल संपचा पत्रा दबू नये म्हणून भार त्याच्या मधोमध देत नाहीत.

माउंट चांगले असूनही गिअर सुटत असल्यास क्लच हाउसिंगचे भोक क्रँकशाफ्टशी समकेंद्री आहे का, हे फ्लायव्हीलवर डायल गेज बसवून पाहतात. पूर्ण फेऱ्यातील कमाल व किमान नोंदींमधील फरकाच्या निम्मे हे केंद्रांमधील अंतर असते.

दुरुस्ती

नवा माउंट बसवताना सर्व बोल्ट सैल ठेवून इंजिन आपल्या जागी स्थिरावू देतात आणि मगच ते आवळतात. मूळच्या पातळ पट्ट्या, म्हणजे शिम, पुन्हा त्याच जागी ठेवाव्या लागतात. रबराऐवजी कडक पदार्थ वापरल्यास थरथर चासीत उतरते आणि या रचनेचा मूळ हेतूच नाहीसा होतो.