बिऱ्हाडकरू कारभारी

एका संगणकाच्या पोटी अनेक आभासी संगणक नांदविण्याची विद्या जुनी आहे, आय.बी.एम.ने व्हीएम/३७० ही प्रणाली १९७२ सालीच जाहीर केली. अशा बिऱ्हाडांवर देखरेख करण्यास व्हीएमवेअर कंपनीने २००३ साली ‘व्हर्च्युअलसेंटर’ हा कारभारी आणला. पुढे तो ‘व्हीसेंटर’ झाला, आणि २०२० च्या ७.० आवृत्तीपासून तर केवळ आभासी संगणक म्हणूनच मिळू लागला. ज्यांचा कारभार पाहावयाचा, त्यांच्यातच मुक्काम! मग त्याच्या बिऱ्हाडाखालचे खरे यंत्रच बंद पडले, तर त्याला उठवावे कोणी? बंदोबस्त तो आधी आखून ठेवतो. पण अमलात आणतात शेजारची खरी यंत्रे, आणि त्याच्या गैरहजेरीत त्यालाही तीच उठवितात. कामगार चळवळीत आम्हांस हेच उमगले: सेक्रेटरी नसताना खात्यातील कमिटीला काम चालविता आले, तरच युनियन खरी.